उडून जाणारे खत

(ढाणकी, ता. उमरखेड, जि. यवतमाळ येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या वर्गासाठी उकिरड्याचा विषय निवडला, याचे काहींना नवल वाटले असेल. कापसाचा भाव, पीकविम्याची भरपाई, शेतमजुरांची मजुरी हे प्रश्न दारात उभे असता शेणखतातून कोणते वायू निघतात याची चर्चा आपण का करावी, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु हा विषय दोन बाजूंनी आपल्या अंगावर येऊन ठेपला आहे. एकीकडे जागतिक परिषदांतून हवामानबदलाचा हिशेब मांडला जातो आणि त्या हिशेबात आपली गुरे, आपला गोठा आणि आपले शेणखत यांची नोंद गुन्हेगारांच्या यादीत होते. दुसरीकडे ऐन हंगामात युरियाच्या गोणीसाठी रांग लागते आणि त्या रांगेत उभा असलेला शेतकरी आपल्याच उकिरड्यावरून रोज किती नत्र उडून जाते याचा विचार करण्याच्या स्थितीत नसतो. पर्यावरणाचे पंडित पहिली गोष्ट बोलतात, खतांचे व्यापारी दुसरीवर जगतात. या दोन्ही गोष्टी मुळात एकच आहेत, हे सांगणारा मात्र कोणी भेटत नाही. ते काम आपले आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे: शेणखतातून जो वायू हवेत जातो तो शेतकऱ्याच्या पिकाचा घास आहे. तो अडवण्याची विद्या आपल्याच जिल्ह्यात सिद्ध झालेली आहे. तरीही तो अडवला जात नाही, याचे कारण अज्ञान नसून आजची अर्थव्यवस्था आहे. ती व्यवस्था तशीच ठेवून शेतकऱ्याला उपदेश करणे म्हणजे त्याच्या जखमेवर व्याख्यान देणे होय.

खत हवेत कसे जाते

प्रथम वस्तुस्थिती पाहू. जनावर जो चारा खाते त्यातील नत्राचा मोठा भाग शेण आणि मूत्र यांवाटे बाहेर पडतो. त्यातले साधारण निम्मे नत्र मूत्रात असते आणि ते मुख्यतः युरियाच्याच रूपात असते. जो युरिया आपण गोणीतून विकत आणतो तोच. मूत्र शेणाला आणि मातीला लागले की त्यातील सूक्ष्म जीव एक-दोन दिवसांतच या युरियाचा अमोनिया करतात. पहाटे गोठ्यात शिरताच नाकाला झोंबतो तो हाच. जमीन ओली, थंड आणि मातीने झाकलेली असेल तर हा अमोनिया चिकणमातीच्या कणांना धरून राहतो. उघड्यावर, उन्हात आणि वाऱ्यावर असेल तर तो उडून जातो. आपल्या काळ्या जमिनीत चुन्याचे प्रमाण बरेच असते, तिचा सामू ८ च्या आसपास असतो, आणि अशा जमिनीच्या पृष्ठभागावर पडलेल्या खतातून अमोनिया अधिकच वेगाने सुटतो. मात्र हीच काळी जमीन खत पोटात घेतल्यावर अमोनियाला घट्ट धरूनही ठेवते, कारण तिच्यात चिकणमाती भरपूर आहे. एकच जमीन वर चोर आणि आत रखवालदार आहे. खत वर पडून राहते की आत जाते, यावर सारे ठरते.

अमोनिया स्वतः पृथ्वी तापवणारा वायू नाही. परंतु तो हवेत गेल्यावर गाड्यांच्या आणि वीजकेंद्रांच्या धुरातील आम्लांशी संयोग पावतो आणि त्यातून फुप्फुसात खोलवर जाणारे सूक्ष्म कण तयार होतात. त्यातला काही भाग पावसाबरोबर पुन्हा जमिनीवर उतरतो आणि तेथे त्याचे नायट्रस ऑक्साइडमध्ये रूपांतर होऊ शकते. हा नायट्रस ऑक्साइड खरा उष्णता कोंडणारा वायू होय. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ किलोंइतका ताप देतो आणि तो हवेत शंभर वर्षांहून अधिक काळ टिकतो. शेतात टाकलेल्या खतातूनही तो थेट निघतो, विशेषतः कोरड्या रानावर पहिला मोठा पाऊस पडतो तेव्हा आणि काळ्या जमिनीत पाणी साचते तेव्हा. तिसरा वायू मिथेन. उकिरडा दाबून घट्ट झाला, पाण्याने भरला आणि आत हवा खेळेनाशी झाली की तो निघतो.

आता आपली रीत पाहा. वर्षभर शेण उघड्या उकिरड्यावर पडते. मूत्र गोठ्याच्या जमिनीत मुरते किंवा नालीत जाते. पावसाळ्यात उकिरडा धुऊन निघतो, उन्हाळ्यात वाळतो. चैत्र-वैशाखात बंड्या भरून खत रानात जाते, लहान लहान ढीग पडतात, सवड मिळेल तसे ते फेकले जातात आणि वखर फिरेपर्यंत कित्येक दिवस ते उन्हात पडून राहते. युरोपातील प्रयोगांनी दाखवले आहे की पसरलेले खत ताबडतोब नांगराखाली घातले तर अमोनियाची बहुतेक गळती थांबते. तेच काम एका दिवसाने लांबवले तर जेमतेम एकतृतीयांशाच्या आसपास गळती वाचते. आपल्याकडे तर अनेकदा एका दिवसाचा महिना होतो.

दहा बंड्यांचा हिशेब

कार्यकर्त्याने आकडा हाताशी ठेवावा. हेक्टरी पाच टन, म्हणजे सुमारे दहा बंड्या शेणखत टाकावे, ही कोरडवाहू पिकांसाठीची नेहमीची शिफारस. चांगल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का धरतात. म्हणजे दहा बंड्यांतून रानात २५ किलो नत्र गेले. हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरशासकीय मंडळाच्या हिशेबपद्धतीत, टाकलेल्या शेणखतातील सुमारे एकपंचमांश नत्र अमोनियाच्या वाटेने उडते असे धरले जाते. म्हणजे पाच किलो गेले. गोठा आणि उकिरडा येथे त्याआधीच तीस ते चाळीस टक्के नत्र गमावलेले असते. म्हणजे आपल्या २५ किलोंमागे दहा ते सोळा किलो पूर्वीच गेलेले. एकूण गळती झाली पंधरा ते एकवीस किलो नत्राची. युरियात ४६ टक्के नत्र असते. तेव्हा हेक्टरमागे ४५ किलोंची जवळजवळ एक गोणी आपण वाऱ्यावर सोडतो, असा याचा अर्थ.

आता हवामानाच्या बाजूचा हिशेब. टाकलेल्या नत्रापैकी सरासरी एक टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन थेट जातो, असे धरण्याची पद्धत आहे; कोरड्या प्रदेशात हे प्रमाण याहून कमी असते. एक टक्काच धरला तरी २५ किलो नत्रामागे सुमारे चारशे ग्रॅम नायट्रस ऑक्साइड होतो आणि त्याचा ताप सुमारे १०७ किलो कार्बन डायऑक्साइडइतका भरतो. चाळीस लिटर डिझेल जाळल्यासारखे हे झाले. हा आकडा शून्य नाही आणि आपण तो लपवण्याचेही कारण नाही. परंतु त्याला शेजारी बसवून पाहा. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रातील ५०० मेगावॅटचा एकच संच पूर्ण भाराने एक तास चालला तर पाच लाख युनिट वीज होते आणि कोळशाच्या विजेमागे युनिटला सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणजे साडेचार हजारांहून अधिक हेक्टरांवर टाकलेल्या शेणखताच्या नायट्रस ऑक्साइडचा ताप एका संचाने एका तासात दिला. २०२० सालच्या राष्ट्रीय हिशेबात भारताच्या एकूण हरितगृह वायूंमध्ये शेती आणि पशुपालन यांचा वाटा १४ टक्क्यांच्या आत होता. त्यातही मोठा भाग गुरांच्या रवंथातून आणि भातखाचरांतून येणाऱ्या मिथेनचा. ऊर्जेचा वाटा तीनचतुर्थांश होता. ढाणकीच्या उकिरड्याने पृथ्वी तापली, असे कोणी सांगू लागला तर त्याच्यापुढे हे आकडे ठेवावेत.

तथापि, आपण केवळ दोष झटकून मोकळे होऊ नये. आपल्या दृष्टीने उकिरड्याचा विचार करण्याचे मुख्य कारण ती एक गोणी आहे.

दोन देश, दोन रोग

नेदरलँड्समध्ये याच वायूने राजकारण हादरले आहे. लहानशा देशात इतकी गुरे आणि डुकरे दाटली की त्यांच्या मलमूत्राला जमीन पुरेना. अमोनियाने राने आणि पाणथळी बिघडल्या. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातच तेथे पातळ खत जमिनीत टोचून घालण्याची सक्ती झाली होती. २०१९ साली तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने सरकारचा नत्रविषयक कार्यक्रम बेकायदा ठरवला, आणि शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर हेगच्या रस्त्यांवर उतरले. तेथला रोग अति खताचा आहे. तो झाला कसा? दक्षिण अमेरिकेतून जहाजे भरभरून सोयाबीन आले, ते जनावरांना घातले, दूध-मांस विकले आणि शेण तेवढे मागे उरले. ज्या जमिनीतून ते सत्त्व आले तिच्याकडे ते परत गेले नाही.

आपला रोग उलटा आहे, परंतु कूळ तेच. सोयाबीनच्या एका क्विंटलात सहा किलोंहून अधिक नत्र असते. त्यातले काही मुळांवरच्या गाठींनी हवेतून मिळवलेले असते हे खरे, पण स्फुरद आणि पालाश तर जमिनीचेच. आपले सोयाबीन बाजारसमितीतून तेलगिरणीत जाते, आणि भारतातून पेंडीची निर्यातही होते. गावात उरते ते कुटार. एका देशात खताचे डोंगर आणि दुसऱ्या देशात ओसाड माती, हे एकाच व्यापाराचे दोन चेहरे आहेत. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लिबिग याने एकोणिसाव्या शतकात या लुटीकडे बोट दाखवले होते, आणि मार्क्सने १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडात भांडवली शेती माणूस आणि माती यांच्यातील देवघेव कशी तोडते याचे विवेचन केले होते. मजुराचे आणि मातीचे शोषण एकाच हाताने होते, हा त्याचा निष्कर्ष आपण सभांतून सांगतो. परंतु तो उकिरड्यापर्यंत नेत नाही.

आपली विद्या

या प्रश्नाकडे आपल्याकडे पूर्वी कोणाचे लक्ष गेले नव्हते असे नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. जंगलखात्याने चराऊ राने ताब्यात घेतल्याने शेतकऱ्याची गुरे कशी उपाशी पडली, आणि डोंगरउतारावरून वाहून येणारे पालापाचोळ्याचे सत्त्व बंधारे घालून शेतात कसे जिरवावे, याचा विचार त्यात आहे. त्यानंतर काही वर्षांनी इंग्रज सरकारने व्होल्कर नावाच्या रसायनतज्ज्ञाला हिंदुस्थानात पाठवले. १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालात त्याने सांगितले की शेतकरी शेण जाळतो ते मूर्खपणाने नव्हे, सरपण मिळत नाही म्हणून जाळतो. सरकारने गावोगाव सरपणाची राने वाढवावीत. खुद्द सरकारच्याच तज्ज्ञाने सरकारवर ठेवलेला हा ठपका आजही वाचण्याजोगा आहे.

पुढे इंदूरच्या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण आणि मूत्राने भिजलेली माती यांच्यापासून कंपोस्ट करण्याची रीत बसवली. १९३१ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. गोठ्यातली मूत्र प्यालेली माती हे फेकण्याचे द्रव्य नसून खताचे मर्म आहे, हे त्यांनी शास्त्राच्या भाषेत मांडले.

आणि मग आपल्या शेजारच्या पुसदचे नारायण पांढरीपांडे. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ हे नाव देशभर गेले. लोक त्यांना नाडेपकाका म्हणत. त्यांची टाकी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल: दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, विटांची, भिंतींना हवेसाठी भोके ठेवलेली. तिच्यात सुमारे १४०० ते १५०० किलो काडीकचरा, अवघे ९० ते १०० किलो शेण, सुमारे १७५० किलो चाळलेली कोरडी माती आणि १५०० ते २००० लिटर पाणी थराथराने भरायचे. एक-दोन दिवसांतच भरणे संपवायचे. वरून शेणामातीने लिंपून घ्यायचे. भेगा पडल्या की पुन्हा लिंपायचे. तीन ते चार महिन्यांत सुमारे तीन टन खत तयार होते. त्यातले निम्म्याहून अधिक वजन मातीचेच असते, हे आपण प्रामाणिकपणे सांगावे. परंतु ही माती भरताड नव्हे. सुटणाऱ्या अमोनियाला तीच धरते. लिंपणामुळे वाऱ्याला वाट मिळत नाही, भोकांमुळे आत हवा खेळते आणि मिथेनला वाव कमी राहतो. अमोनिया आणि मिथेन या दोन शत्रूंची वाट एकाच टाकीत अडते. ज्या गोष्टीवर आज परिषदा भरतात ती पुसदच्या एका गांधीवादी कार्यकर्त्याने वीट, माती आणि शेण यांच्या भाषेत आधीच सांगून ठेवली आहे.

मग टाक्या ओस का?

येथे आपण थांबून स्वतःला विचारले पाहिजे. अनेक गावांत नाडेपच्या टाक्या बांधल्या गेल्या, अनुदान खर्ची पडले, आणि आज त्यातल्या कित्येकांत तण उगवले आहे. कृषी सहायक म्हणतो, शेतकरी आळशी आहे. हे उत्तर सोपे आणि खोटे आहे.

खरे उत्तर हिशेबात आहे. युरियाची ४५ किलोंची गोणी शेतकऱ्याला सुमारे २६६ रुपयांना मिळते. म्हणजे हेक्टरमागे वर्षभर धडपडून त्याने उडून जाणारे सारे नत्र वाचवले, तरी त्याच्या खिशाच्या हिशेबात एका गोणीची, म्हणजे अडीच-पावणेतीनशे रुपयांचीच बचत झाली. त्यासाठी टाकी भरायला दोन माणसांची दोन दिवसांची मजुरी, माती चाळणे, पाणी वाहणे, पुन्हा उपसणे. कोणता शहाणा माणूस हे करील? शेतकरी हिशेब जाणतो म्हणूनच तो टाकी भरत नाही.

परंतु ही गोणी खरोखर २६६ रुपयांची आहे काय? युरिया नैसर्गिक वायूपासून होतो, आणि तो वायू मोठ्या प्रमाणात कतारसारख्या देशांतून जहाजाने येतो. प्रचंड दाब आणि उष्णता देऊन हवेतल्या नत्राचा अमोनिया करायचा, अमोनियाचा युरिया करायचा, तो गोणीत भरून ढाणकीला आणायचा. आणि त्याच वेळी ढाणकीच्या गोठ्यातला तयार अमोनिया आकाशात जाऊ द्यायचा, अशी ही राष्ट्रीय व्यवस्था आहे. २०२२ च्या जागतिक महागाईत एका गोणीची खरी किंमत दोन हजारांच्या वर गेल्याचे केंद्र सरकार स्वतःच सांगत होते. २०२२-२३ साली खतांवरचे अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात पोहोचले. तेव्हा उकिरड्यावर वाचवलेल्या एका गोणीची किंमत शेतकऱ्याला २६६ रुपये आणि देशाला दोन हजार. बचत देशाची, मजुरी शेतकऱ्याची. हा व्यवहार तुटणारच.

यावर उदारमतवादी अर्थशास्त्री म्हणतील, युरिया महाग करा. त्या मार्गाने आपल्याला जायचे नाही. २०१० साली स्फुरद आणि पालाश यांच्या खतांचे भाव मोकळे सोडले, तेव्हा ती महागली, शेतकरी युरियाकडेच अधिक वळला आणि जमिनीचा तोल आणखी ढळला. अनुदान काढल्याने शेण वाचत नाही; गरीब मोडतो. आणि दुसऱ्या टोकाचा धडा श्रीलंकेचा. २०२१ साली तेथील सरकारने एका फटक्यात रासायनिक खतांवर बंदी घातली, उत्पादन कोसळले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बंदी मागे घ्यावी लागली. आपल्याकडे आज जितके शेण आहे तेवढ्याने साऱ्या पिकांचे पोट भरणार नाही. २०१२ ते २०१९ या काळात महाराष्ट्रातील गोवंशाची संख्या सुमारे एक कोटी पंचावन्न लाखांवरून एक कोटी एकोणचाळीस लाखांवर आली. बैल गेला, ट्रॅक्टर आला, आणि बंडीभर खत विकत घेणे लहान शेतकऱ्याला जड झाले. म्हणूनच आहे ते शेण वाया न जाऊ देणे अधिक महत्त्वाचे.

आणखी तीन अडथळे आहेत. पहिला चुलीचा. गॅसचे सिलिंडर घरात आले, पण ते पुन्हा भरून आणण्याचे पैसे नसतील तर गोवऱ्या थापल्या जातात. व्होल्करने सांगितलेले कारण सव्वाशे वर्षांनंतरही अनेक घरांत जिवंत आहे, आणि थापण्याचे कष्ट बाईच्याच वाट्याला आहेत. दुसरा अडथळा जमिनीच्या हक्काचा. शेणखताचा गुण दोन-तीन वर्षे मिळत राहतो. जो माणूस तोंडी ठेक्याने एका वर्षासाठी जमीन कसतो, ज्याचे नाव कोणत्याही कागदावर नाही, त्याने पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या पिकाला मिळणारे खत आज का टाकावे? विदर्भासाठी १९५८ साली कूळकायदा झाला. परंतु तोंडी ठेक्याने कसणारा आजही त्याच्या छायेबाहेर आहे. तिसरा अडथळा जातीचा. शेण काढणे, उकिरडा उपसणे ही कामे ज्यांच्या माथी मारली गेली त्यांना त्या खतावर हक्क नव्हता, आणि ज्यांचा हक्क होता ते त्याला हात लावीत नव्हते. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरीत मैला आणि मृत जनावर यांची कामे स्वतःच्या हातांनी केली, ती केवळ स्वच्छतेसाठी नव्हती. खत हा सामाजिक समतेचा प्रश्न आहे, हे ते कृतीने सांगत होते.

काय मागावे, काय करावे

तर मग आपला कार्यक्रम कोणता? आधी मागण्या.

केंद्र सरकारने २०२३ साली शेणापासून वायू करणाऱ्या प्रकल्पांच्या सेंद्रिय खताला टनामागे १,५०० रुपयांचे विक्रीसाहाय्य जाहीर केले. प्रकल्पाच्या पोत्यातून खत निघाले की टनाला दीड हजार. शेतकऱ्याच्या टाकीतून निघाले की शून्य. हा न्याय कोणता? जे साहाय्य प्रकल्पाला, तेच ग्रामपंचायतीने मोजून नोंदवलेल्या गावच्या खताला मिळाले पाहिजे, ही आपली पहिली मागणी. पाच टनांमागे साडेसात हजार रुपये आले तर टाक्या ओस पडणार नाहीत.

दुसरी मागणी मजुरीची. महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ साली केला. तो देशाला वाट दाखवणारा ठरला. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याखाली नाडेपच्या टाक्या कामांच्या यादीत आल्या, पण पैसा टाकी बांधण्याला मिळाला, भरण्याला नाही. विटा सरकारच्या, घाम फुकट! कायद्याचे नाव काहीही असो, गोठ्याची फरशी, मूत्राची खळगी, टाकीचे बांधकाम आणि दरवर्षीची भरणी-उपसणी ही सारी कामे सार्वजनिक मजुरीवर झाली पाहिजेत. हवा सर्वांची आहे, तर ती राखणाऱ्याची मजुरी सर्वांनी दिली पाहिजे.

तिसरी मागणी वाट्याची. राज्यांनी रासायनिक खतांचा वापर घटवला तर वाचलेल्या अनुदानापैकी निम्मी रक्कम राज्यांना देण्याची योजना केंद्राने २०२३ मध्ये मंजूर केली. या रकमेचा हिशेब ग्रामसभेपुढे आला पाहिजे आणि ती गावाच्या खतावरच खर्च झाली पाहिजे. छत्तीसगडात २०२० साली सरकारने दोन रुपये किलोने शेण विकत घेण्यास आरंभ केला होता. ज्याच्याकडे गाय आहे पण जमीन नाही अशा माणसालाही त्यातून रोख पैसा मिळाला. सत्तांतरानंतर ती योजना टिकली नाही. सरकारी मेहेरबानीवर उभ्या असलेल्या योजनेचे असेच होते. म्हणून आपण योजना न मागता हक्क मागावा.

चौथी गोष्ट सावधगिरीची. ‘कार्बन श्रेय’ नावाचा नवा माल बाजारात आला आहे. देशात त्याच्या व्यापाराचे नियम २०२३ मध्ये निघाले. उद्या कोणी दलाल गावात येऊन तुमच्या शेणखतातून वाचलेल्या वायूचा करार मागील. शेतकऱ्याच्या उकिरड्याच्या जोरावर एखाद्या कारखान्याने आपला धूर चालू ठेवायचा आणि मधला पैसा दलालाने खायचा, अशा करारावर एकट्यादुकट्याने अंगठा देऊ नये. ग्रामसभेत वाचून दाखवल्याशिवाय कोणताही करार नाही, हे गावाने आधीच ठरवून ठेवावे.

मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही. पुढील कामे बिनखर्चाची किंवा अल्पखर्चाची आहेत. गोठ्यात रात्री कुटाराचा किंवा कोरड्या मातीचा थर अंथरावा आणि मूत्र प्यालेला तो थर रोज उकिरड्यावर न्यावा. उकिरडा खोलगट पाणथळीत न ठेवता उंचवट्यावर, झाडाच्या सावलीत करावा आणि प्रत्येक थरावर माती टाकावी. तुराट्या आणि पऱ्हाटी बांधावर जाळण्याऐवजी बारीक करून कुजवावी. बोंडअळीच्या भीतीने पऱ्हाटी जाळली जाते. तिचे तुकडे करणारे यंत्र गावाच्या मालकीचे असेल तर जाळण्याची गरज उरणार नाही. रानात नेलेले खत लहान ढिगांत वाळू देण्याऐवजी एकाच ढिगात मातीने झाकून ठेवावे. जेवढे रान त्याच दिवशी वखरले जाईल तेवढ्यावरच, शक्यतो संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी, ते पसरावे आणि लगेच मातीआड करावे. यात बैलजोडी आणि माणसे एका वेळी लागतात. म्हणून चार-पाच घरांनी मिळून एकमेकांच्या रानात काम करण्याची जुनी इर्जिक पुन्हा जागवावी. सहकार म्हणजे केवळ साखर कारखान्याची निवडणूक नव्हे.

एक इशाराही देऊन ठेवतो. मातीआड केलेल्या खतातून अमोनिया वाचतो, पण वाचलेले नत्र पिकाने उचलले नाही आणि रानात पाणी तुंबले तर त्यातून नायट्रस ऑक्साइड किंचित वाढू शकतो. म्हणून वाचलेल्या नत्राइतका युरिया कमी टाकणे आणि रानातून पाणी निघून जाण्याची सोय ठेवणे, या दोन गोष्टी त्याच्याबरोबर आल्या पाहिजेत. अर्धवट शास्त्र सांगून लोकांचा विश्वास गमावण्यापेक्षा पुरते शास्त्र सांगण्यास थोडा अधिक वेळ लागला तरी चालेल.

मित्रहो, चळवळीत आपण नेहमी मोठ्या शब्दांनी बोलतो. ते शब्द खरे आहेत. पण बाईच्या टोपल्यात, सालदाराच्या फावड्यात आणि ठेक्याने कसणाऱ्याच्या वखराखाली ते दिसले नाहीत तर सभेबरोबरच विरून जातात. येत्या उन्हाळ्यात प्रत्येक शाखेने आपल्या गावातील दहा उकिरड्यांची मोजणी करावी: किती गुरे, किती शेण, त्यातले किती जळते, किती रानात जाते, रानात गेलेले किती दिवस उघडे पडते आणि ते काम कोण, किती मजुरीवर करते. या मोजणीचा कागद ग्रामसभेत ठेवावा आणि त्याच्या आधारे टनाला दीड हजारांची मागणी तहसीलवर न्यावी. रोहिणी लागण्यापूर्वी हे काम पुरे झाले पाहिजे, कारण त्यानंतर वखर फिरतो आणि कागदाकडे पाहायला कोणाला सवड राहत नाही.